आईला सर्दी झाली

"हे प्रेमाचे रांजण आहेत," मी ठणकावून सांगितलं.

अकरा मराठी माणसं "अय्या" आणि "वा वा" करत पुढे सरकली. समोर जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले बारा मातीचे रांजण होते, चार-चारांचे तीन गट. साडेचारशे वर्षांपूर्वीचे. नाशिकच्या नव्या जोडप्यानं लगेच त्यांच्या काठावर हातात हात घालून फोटो काढून घेतला. नवरदेवाच्या खांद्याला व्हिडिओ कॅमेरा होता, त्यानं तोही सुरू केला.

मला स्वतःलाच माझं कौतुक वाटलं. आमचे जपानी वाटाडे मोरिता-सान म्हणाले होते, "आई नो कामे." जपानीत 'आई' म्हणजे प्रेम. 'कामे' म्हणजे कासव, असं मला येत होतं, पण कासव कुठं दिसेना आणि रांजण तर ढळढळीत समोर होते. मग जुळवलं आपलं. प्रेमाचं कासव म्हणाले नाही, एवढी अक्कल देवानं दिली होती.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चोवीस वर्षांची, वैजयंती ढमढेरे, मुक्काम पुणे. गाव जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथं त्या दोन दिवसांत जे झालं ते त्यांच्या नियमात बसणारं नव्हतं. दोन डोंगरांच्या बेचक्यात एक अरुंद दरी, आणि तिच्यात किल्ल्याखालची पेठ. आपल्याकडे रायगडाखाली पाचाड, तसं. शत्रूनं एके दिवशी ती सगळी पेठ जाळली, पुढे चारशे वर्षं तिच्यावर भातशेती झाली, आणि मग कुणीतरी खणायला लागलं तर खाली आख्खं गाव! जोती, गटारं, विहिरी, बुद्धिबळाच्या सोंगट्यासुद्धा. एका बाजूला त्या जोत्यांवर तशीच घरं पुन्हा उभी केलेली. मी पहिल्यांदा देशाबाहेर पडले होते. त्या रस्त्यावरून चालताना माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं.

त्यात निम्म्या उड्या भीतीच्या होत्या. जपानी भाषेच्या तेव्हा चार परीक्षा असत, चौथी सगळ्यात सोपी. मी तिसरी पास होते, तीही काठावर. रेगे मॅडमच्या सहल कंपनीच्या फॉर्मवर मात्र मी 'दुसरी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ही सहल म्हणजे माझी परीक्षा. नीट पार पडली तर मी कायम दुभाषी. नाही पडली तर काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं आणि येईल त्या स्थळापुढे पोहे ठेवायचे, असं घरी ठरलं होतं. आणि मॅडम स्वतः सहलीला आलेल्या. खोटं बोललेलं त्यांना अजिबात चालत नसे. आधीच्या दुभाष्यानं उशिरा उठून 'बस पंक्चर झाली' अशी थाप मारली, तर त्यांनी त्याला विमानतळावरूनच घरी धाडलं होतं.

त्यामुळे माझा छोटा शब्दकोश मी पर्सच्या तळाशी, रुमालाखाली लपवला होता. दुसरी पातळी पास झालेली बाई दर दोन मिनिटांनी शब्दकोश उघडत नाही.

"अगं पोरी," मागून आवाज आला, "प्रेम रांजणात कसं साठवायचं गं? मीठ घालून?"

हे गंगाधरअप्पा कंदारकर. बार्शीचे, सत्तरीचे, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा. सगळ्या सहलीत त्यांनी तोंड उघडलं होतं ते जेवायला आणि तंबाखूला. मुलांनी पैसे भरून पाठवलं म्हणून आलो, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. शेजारी त्यांच्या बायको सुभद्राकाकू, खाण्याच्या डब्यांनी भरलेली पिशवी सांभाळत.

"अहो, जुन्या काळची रीत असेल काहीतरी," मी म्हटलं.

"असेल, असेल," अप्पा म्हणाले. पण ते आता माझ्याकडे बघत नव्हते. ते गुडघ्यावर बसले आणि रांजणांच्या मधल्या छोट्या खड्ड्याकडे बघायला लागले. मग त्यांनी नाक वर केलं. शेजारच्या नव्यानं बांधलेल्या घरातून कसलासा उग्र, कुजका वास येत होता. अप्पा ताडकन उठले आणि त्या घराच्या दिशेनं अक्षरशः पळत सुटले.

"अहो, गुडघा!" काकू ओरडल्या. कुठला गुडघा आणि कुठलं काय! आम्ही सगळे त्यांच्यामागे.

आत अंधारलेलं, मातीच्या जमिनीचं घर. जमिनीत पुरलेले चार रांजण, तिघांवर झाकणं, चौथा उघडा. अप्पा त्या उघड्या रांजणाच्या काठावर दोन्ही हात टेकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"आई!" ते म्हणाले.

मोरिता-सान मागून धापा टाकत आले. ते पंचाहत्तरीचे, तिथं विनामोबदला माहिती सांगणारे गावकरी. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आई!" ते म्हणाले, रांजणाकडे बोट दाखवत.

"आई!" अप्पा.

"आई! आई!" मोरिता-सान.

मला घाम फुटला. अप्पांना जपानी कधीपासून यायला लागलं? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "ढमढेरे, तुझ्याआधी त्यांचं आणि यांचं जमायला लागलं की!"

मग मोरिता-सानचा चेहरा पडला. ते हळू आवाजात काहीतरी सांगायला लागले. त्यांच्या बोलीतलं मला चार आण्यांतला एक आणा कळत होतं, पण शेवटचं वाक्य मात्र लख्ख कळलं. सर्दीचं वाक्य पहिल्याच पुस्तकात असतं. मनात म्हटलं, 'आई' म्हणजे इथं प्रेम नाही दिसत, काहीतरी वेगळंच आहे. पण विचारणार कोण, आणि मॅडमसमोर? मी तो शब्द तसाच उचलून ठेवला.

"ते म्हणतायत," मी म्हटलं, "आईला सर्दी झाली."

"यांच्या आईला?" मॅडम म्हणाल्या. "पंचाहत्तरीच्या माणसाची आई! किती वय असेल हो बिचारीचं? माझ्या बॅगेत गोळ्या आहेत, विचार."

पण अप्पांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! बरोब्बर! आई आजारी आहे! मी वासावरून तेच म्हणत होतो!"

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काकूंनीच मग उलगडा केला. कंदारकर म्हणजे निळारी. पिढ्यान्‌पिढ्या निळीत कापड रंगवणारे. बार्शीला त्यांच्या वाड्यामागे निळीचे सहा रांजण होते, आणि घरात त्या रांजणाला कुणी रांजण म्हणत नसे, आई म्हणत. आई उठली, आई रुसली, आईला ताप आला. सोवळ्यात नाही, पण आंघोळ केल्याशिवाय कुणी तिला हात लावत नसे. तीस वर्षांपूर्वी धंदा बसला, रांजण बुजवले, आणि तेव्हापासून या माणसानं त्याविषयी एक अक्षर काढलं नव्हतं.

आणि आता गडी नुसता पेटला होता. त्यांनी बोट बुडवून चक्क जिभेवर ठेवलं. नाशिकची नवरी "ई!" म्हणून किंचाळली.

"जिवंत आहे," अप्पा म्हणाले. "पण गारठलीय आणि उपाशी आहे. विचार, किती दिवस झाले?"

मी विचारलं. हे मला येत होतं. "दीड महिना. परवा शाळेची पोरं येणार आहेत रंगवायला, आणि रंग चढत नाही, असं म्हणतात." मी मोरिता-सानना सांगितलं की हे आजोबा आमच्या देशातले 'आई'चे गुरुजी आहेत. शब्दाचा अर्थ मला अजूनही माहीत नव्हता, पण वाक्य बरोबर बसलं. मोरिता-सान कमरेत वाकले. अप्पाही वाकले. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

अप्पांनी हातानं शेकल्याची खूण केली, ऊब पाहिजे, मधल्या खड्ड्यात विस्तव टाका. मोरिता-सानना ते शब्दाविना समजलं. मग अप्पांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्याचं बोट वर धरलं आणि माझ्याकडे वळले.

"आता नीट ऐक, पोरी. पाणी जिभेला चावतंय, पण चुन्यासारखं चावत नाही. विचार त्यांना, यात चुनाच आहे का दुसरं काही? चुना असेल तर कमी पडलाय, मी वाढवतो. दुसरं काही असेल तर चुन्याचा कणसुद्धा घालायचा नाही. जळून मरेल ती."

चुन्याला जपानीत काय म्हणतात ते मला कुठं ठाऊक! मी अप्पांचं बोट धरून मोरिता-सानच्या पुढे नेलं आणि विचारलं, "हे आत आहे का?"

मोरिता-सान म्हणाले, "इइए, हाय देस." आणि विस्तव आणायला बाहेर निघून गेले.

आता 'इइए' म्हणजे नाही. आणि 'हाय' म्हणजे हो. हे जपानीच्या पहिल्या तासाला शिकवतात, यात चुकायला जागाच नाही. नाही, हो आहे. याचा अर्थ काय लावायचा?

"काय म्हणाले?" अप्पा.

"नाही म्हणाले... म्हणजे, हो म्हणाले."

"नाही की हो?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते. कॅमेरासुद्धा. "हो," मी म्हटलं. "हो म्हणाले. चुना आहे."

"तरीच!" अप्पा म्हणाले. कोपऱ्यात भिंतींच्या गिलाव्यासाठी आणलेली चुन्याची पिशवी होती. अप्पांनी चव घेऊन खात्री केली आणि लाकडी डाव भरून घेतला. चांगला शिगोशीग. बाह्या वर केल्या. तीस वर्षांनी त्या माणसाचे हात रांजणावर आले होते, हे मला अजून दिसतं.

"पोरी," ते डाव धरून म्हणाले, "नक्की ना? तुझ्या शब्दावर घालतोय."

त्यांनी हे दरडावून विचारलं असतं तर मी रेटून हो म्हटलं असतं, खरं सांगते. पण ते इतक्या विश्वासानं म्हणाले की माझ्या तोंडून 'हो' निघेना.

"थांबा!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की नाशिकचा नवरदेव दचकला. "घालू नका अप्पा! मला कळलेलंच नाही ते काय म्हणाले!"

"अगं, आत्ता तर हो म्हणालीस," मॅडम म्हणाल्या.

"थाप मारली. ते प्रेमाचे रांजणसुद्धा थापच होती. मॅडम, मी दुसरी पास नाही. तिसरीच आहे. फॉर्मवर मी खोटं लिहिलं."

मॅडमचा चेहरा दगडासारखा. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि अंगात नुसती वीज. गेली नोकरी तर गेली! मी पर्स जमिनीवर उपडी केली. रुमाल, लिपस्टिक, पासपोर्ट, आणि शब्दकोश. तिथंच फतकल मारून बसले आणि सगळ्यांदेखत पानं उलटायला लागले.

"सापडलं!" मी किंचाळले. "आई! प्रेम... आणि खाली दुसरा अर्थ, नीळ! आई म्हणजे नीळ! अप्पा, त्यांच्यातही निळीला आईच म्हणतात!"

"म्हणजे काय!" अप्पा म्हणाले, जणू यात नवल ते काय. "आणि ते 'हाय' बघ लवकर."

"हाय... हाय... हो. फुप्फुस." माझा आवाज चढला. "राख! अप्पा, राख! ते म्हणाले, चुना नाही, राख आहे!"

अप्पांनी डाव पिशवीत परत उपडा केला आणि मटकन खाली बसले. "राखेच्या पाण्यातली आहे होय ही! बाई बाई बाई. एवढा चुना ओतला असता तर संपलीच असती. परक्याची आई माझ्या हातानं मेली असती गं."

मोरिता-सान विस्तवाचं घमेलं घेऊन आत आले तेव्हा मी पुढे होऊन खाली वाकले आणि त्यांना माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत सगळं सांगितलं. मला चांगलं येत नाही, मी चुकीचं सांगितलं, आता मी एकेक शब्द पुस्तकात बघून विचारीन, तुम्ही सावकाश बोला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर रोखून बघितलं. मग ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि लहान मुलीशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले.

आणि काय गंमत आली म्हणून सांगू! अप्पा विचारत, मी पुस्तकात बघत, मोरिता-सान उत्तर देत, मी पुन्हा बघत. नाही कळलं तर मी बेधडक म्हणे, "नाही कळलं, पुन्हा सांगा." तुम्ही हिला खायला काय देता? गव्हाचा कोंडा आणि साके.

"दारू?" अप्पांचे डोळे मोठे झाले. "आमची गूळ खाते, यांची दारू पिते. घराण्याघराण्याचा फरक!"

"गूळ आहे की माझ्याजवळ," सुभद्राकाकू म्हणाल्या आणि पिशवीतून लाडवाएवढे तीन खडे काढले. मोरिता-साननी एक खडा हुंगला, चाटला आणि मान डोलावली. गूळ कोमट पाण्यात विरघळवून आत गेला, वरून कोंडा, वरून साकेची धार. चारही बाजूंनी गोणपाट. अकरा माणसांत कुणी काठी धरली, कुणी विस्तव फुंकला. नाशिकची नवरीसुद्धा पदर खोचून ढवळायला लागली. मॅडम तेवढ्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मुक्कामाला पोचेपर्यंत नाहीत आणि जेवतानाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमची बस सुटायची होती. सव्वासहाला मी खाली आले तर अप्पा आंघोळ करून दारात उभे आणि त्यांच्यामागे उरलेले सगळे. कुणाला उठवावं लागलं नव्हतं. आम्ही धुक्यातून त्या जळालेल्या पेठेच्या रस्त्यानं जवळजवळ पळतच गेलो.

मोरिता-सान आधीच तिथं. त्यांनी अजून गोणपाट काढलं नव्हतं. अप्पांची वाट बघत थांबले होते. दोघांनी दोन बाजूंनी धरून ते उचललं.

रांजणाच्या मधोमध जांभळ्या-निळ्या फेसाचा टम्म फुगलेला गोळा.

"उठली!" अप्पा ओरडले. "आई उठली!"

मोरिता-सान जपानीत काय ओरडले ते मी पुस्तकात बघितलं नाही. सगळेच ओरडत होते, काकूंनी हात जोडले होते. अप्पांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि आत बुडवली. थोड्या वेळानं पिळून वर काढली तर ती हिरवट-पिवळी. "बघा हां," अप्पा म्हणाले आणि झटकली. आमच्या डोळ्यांसमोर, वारा लागेल तसतशी, ती निळी होत गेली. ती ओली टोपी अप्पांनी मोरिता-सानच्या डोक्यावर ठेवली. निळं पाणी म्हाताऱ्याच्या कानामागून ओघळलं, आणि दोघंही लहान पोरांसारखे हसत सुटले.

बसच्या दाराशी मोरिता-सान मॅडमपुढे येऊन उभे राहिले, टोपी घातलेलीच. ते माझ्याकडे बोट दाखवून बोलले, मला कळावं म्हणून सावकाश.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं. कालपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

माझे कान तापले. "ते म्हणतायत, इथं पुष्कळ दुभाषी येतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. ही मुलगी कळलं नाही तर कळलं नाही म्हणते. हिच्या शब्दावर मी रांजणात हात घालीन." तेवढं सांगून मी थांबले.

मॅडमनी चष्मा वर केला. "हे ते म्हणाले, का तू म्हणतेस?"

"ते म्हणाले, मॅडम."

"मला कसं कळणार? मला जपानी येत नाही, आणि तू खोटं बोलतेस."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याविषयी एवढं चांगलं बोललं होतं, आणि ते सांगायला माझ्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं. मॅडम नाशिकच्या नवरदेवाकडे वळल्या. "तुमचा कॅमेरा काढा. आणि ढमढेरे, त्यांना म्हणावं, परत एकदा म्हणा, जसंच्या तसं."

मोरिता-साननी टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्यात बघून सगळं पुन्हा म्हटलं.

पुण्याला पोचल्यावर मॅडमनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी काकांच्या दुकानात बसायला लागले. तीन आठवडे झाले असतील, एक दिवस भर दुपारी, मशीनवर कुणाच्या तरी सात-बाराच्या उताऱ्याच्या प्रती काढत होते, तेवढ्यात दुकानातला फोन वाजला.

"रेगे बोलतेय. ती कॅसेट मी एका जपानी बाईंना ऐकवली. इथं पुण्यातच राहतात त्या."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. "हो, मॅडम."

"तू सांगितलंस ते बरोबर होतं. शब्दन्‌शब्द."

मी मशीनचं बटण बंद केलं.

"पण शेवटचं एक वाक्य तू गाळलंस. तेवढं कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं."

"काय होतं?"

"'हिला सोडू नका,' असं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मॅडम, मीच माझ्या तोंडानं कसं सांगणार? लाज वाटली."

काका खुणेनं विचारत होते, कुणाचा फोन, कुणाचा फोन.

"सोमवारी दहाला ये," मॅडम म्हणाल्या. "आणि यापुढे गाळायचं नाही. समोरचा जे बोलला ते सगळं सांगायचं. दुभाष्यानं लाजून चालत नाही."